डोक्यावरची विजेरी : निवड आणि उपयोग

दिव्याने अंधार दूर होतो. परंतु दिवा हातात धरावा लागला, की काम करणाऱ्या माणसाचा एक हात त्यातच अडकून पडतो. रात्री शेतात दारे धरणारा शेतकरी, अडलेल्या गाईजवळ बसलेला पशुवैद्य, वीज गेल्यावर फ्यूजची तार बसविणारा गृहस्थ आणि पहाटेपूर्वी चढणीस लागणारा गिर्यारोहक या सर्वांची अडचण एकच आहे. कपाळावर पट्ट्याने बांधावयाची विजेरी ही अडचण दूर करते. बाजारात तिला 'हेड टॉर्च' म्हणतात. तिचे शेकडो प्रकार आज मिळतात आणि पेटीवर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांनी ग्राहक गोंधळून जातो. हे आकडे कसे वाचावेत आणि आपल्या कामास योग्य अशी, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी विजेरी कशी निवडावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे. यांपैकी बहुतेक ग्रामीण भागातील होती. मण्यार रात्री हिंडते. घोणस आणि फुरसे पाचोळ्याच्या रंगात मिसळून जातात. बहुसंख्य दंश पायावर होतात. अनेक राज्यांत शेतीपंपांची वीज रात्रीच्या पाळीतही येते आणि शेतकऱ्याला त्या वेळी बांधावरून चालावे लागते. अशा माणसाच्या कपाळावरचा दिवा मध्यरात्रीनंतर मंद झाला, तर त्याची किंमत फार मोठी पडू शकते.

खाणीतून घरात

डोक्यावर दिवा बांधण्याची कल्पना खाणकामगारांची आहे. १८१५ साली हंफ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची जाळी बसवून कोळशाच्या खाणीसाठी सुरक्षित दिवा तयार केला. परंतु तो हातात न्यावा लागे. पुढे कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे टोपीवर आले. त्यांची ज्योत उघडी असल्यामुळे ज्वालाग्राही वायू असलेल्या खाणीत ते धोक्याचे होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात थॉमस एडिसन यांनी कमरेच्या पट्ट्यावर संचायक घट आणि टोपीवर विजेचा दिवा अशी रचना प्रचारात आणली. झरिया आणि राणीगंज येथील कोळशाच्या खाणींतही कामगार टोपीवरच्या दिव्याच्या प्रकाशात काम करीत आले आहेत.

घरगुती विजेरी इतकी हलकी झाली ती दोन शोधांमुळे. पहिला शोध पांढऱ्या एलईडीचा. प्रखर निळा प्रकाश देणारा एलईडी जपानमध्ये सिद्ध झाला आणि त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर, निळा प्रकाश शोषून पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला, की दोहोंच्या मिश्रणाने पांढरा प्रकाश मिळतो. दुसरा शोध लिथियम-आयन घटाचा. हा घट १९९१ साली बाजारात आला. त्याच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ल्युमेन आणि तास यांचा हिशेब

पेटीवर सर्वांत ठळक आकडा ल्युमेनचा असतो. दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे हे माप होय. आकडा मोठा म्हणजे विजेरी चांगली, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती का चुकीची आहे, हे साध्या गणिताने समजेल.

समजा, विजेरीतील घटाची धारणक्षमता २,००० मिलिअँपिअर-तास आहे. लिथियम-आयन घटाचा सरासरी दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो. म्हणून घटात साठलेली ऊर्जा २ × ३.७, म्हणजे ७.४ वॉट-तास झाली. दिव्यातील मंडलाचा व्यय धरून एका वॉटला सुमारे १०० ल्युमेन प्रकाश मिळतो असे मानू. तर या घटातून एकूण ७४० 'ल्युमेन-तास' मिळतील. १०० ल्युमेनने दिवा लावला, तर तो सुमारे ७ तास चालेल. ३०० ल्युमेनने अडीच तासांपेक्षा कमी. आणि १,००० ल्युमेनने पाऊण तासही नाही. घटाची शिदोरी ठरलेली आहे. ती सावकाश खर्चावी की एकदम उधळावी, एवढेच आपल्या हाती असते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की लहानशा विजेरीवर '१,००० ल्युमेन' आणि '१० तास' असे दोन्ही आकडे छापले असतील, तर ते एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. कमाल प्रकाश बहुधा काही मिनिटेच टिकतो. नंतर दिवा तापू नये म्हणून आतील मंडल तो आपोआप कमी करते. दुसरी अशी, की कोणत्या पायरीवर किती तास, हे पेटीवर निरनिराळे दिलेले असेल तीच माहिती उपयोगी. त्यातही सावधानता हवी. 'एफएल १' या प्रचलित मोजमापपद्धतीत प्रकाश मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सर्व काळ मोजला जातो. २०० ल्युमेनचा दिवा २० ल्युमेनवर उतरेपर्यंत 'चालू' धरला जातो. ज्या विजेरीत प्रकाश स्थिर राखणारे मंडल असते, ती बराच वेळ एकसारखी जळते. जिच्यात ते नसते, ती पहिल्या तासापासूनच हळूहळू मंदावत जाते आणि डोळा अंधाराला सरावत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

घटावरचा आकडाही पारखून घ्यावा. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा '१८६५०' हा घट फार प्रचलित आहे. चांगल्या कंपन्यांच्या या घटाची क्षमता साधारणतः २,००० ते ३,६०० मिलिअँपिअर-तास असते. त्यावर ९,९०० असा आकडा आढळल्यास तो घट घेऊ नये. ज्याने हा आकडा छापला, त्याच्या इतर आकड्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

झोत आणि पसारा

प्रकाश किती, याइतकाच तो कोठे पडतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. १०० ल्युमेन प्रकाश ९० अंशांच्या शंकूत एकसारखा पसरला, तर त्याची तीव्रता सुमारे ५४ कँडेला होते. तोच प्रकाश १० अंशांच्या अरुंद शंकूत कोंबला, तर तीव्रता ४,००० कँडेलांच्या वर जाते. पेटीवरील 'झोताचे अंतर' या तीव्रतेवरून काढतात : कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली, की मीटरमधील अंतर मिळते. पहिल्या दिव्याचे अंतर १५ मीटरही भरत नाही, दुसऱ्याचे १२५ मीटरच्या पुढे जाते. ल्युमेन मात्र दोघांचे सारखेच.

या अंतराच्या टोकाला प्रकाश पाव लक्स, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो. चांदण्यात आकृती दिसते; पाचोळ्यातील घोणस ओळखू येत नाही. अंतर चौथा हिस्सा केले, की प्रकाश सोळापट होतो. म्हणून छापील अंतराच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच स्पष्ट दिसेल, असा ठोकताळा धरावा. घरकामासाठी आणि पायवाटेसाठी पसरट प्रकाश हवा. दूरचा बांध किंवा डोंगरावरील खूण शोधण्यास झोत हवा. दोन्ही देणारी विजेरी सर्वांत सोयीची.

कपाळावरच्या दिव्यात एक अंगभूत उणीवही आहे. दिवा डोळ्याच्या अगदी जवळ असल्याने वस्तूंच्या सावल्या वस्तूंच्याच मागे लपतात आणि जमीन सपाट भासते. खड्डा, दगड, वेटोळे घालून बसलेला साप यांचा उठाव सावलीमुळेच कळतो. म्हणून अनोळखी वाटेने जाताना विजेरी काढून कमरेच्या उंचीवर हातात धरावी. सावल्या लांब पडतात आणि उंचसखलपणा दिसू लागतो. धुक्यात आणि मुसळधार पावसात हाच उपाय करावा, कारण थेंबांवरून परतणारा प्रकाश सरळ डोळ्यांत शिरून दृष्टी दिपवितो. चांगला दिवाही पायांतील गमबुटांची जागा घेऊ शकत नाही, हेही ध्यानात असावे.

रंगाचा विचार

निळसर पांढरा प्रकाश प्रखर वाटतो, पण त्यात रंग फिके दिसतात. ६,५०० केल्व्हिन असे लिहिलेला प्रकाश निळसर असतो आणि ४,००० च्या आसपासचा सौम्य. जखम तपासणे, तारांचे रंग ओळखणे, पानावरील रोग पाहणे अशा कामांसाठी सौम्य छटेचा आणि रंगदर्शन निर्देशांक ९० च्या जवळपास असलेला दिवा घ्यावा.

काही विजेऱ्यांत लाल दिवाही असतो. डोळ्याला अंधाराशी पूर्णपणे जुळवून घेण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाने ती तयारी क्षणात नाहीशी होते. मंद लाल प्रकाशाने ती बव्हंशी टिकते, कारण अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी लाल प्रकाशास फारशा संवेदनशील नसतात. तारे पाहणाऱ्यांना आणि झोपलेल्यांच्या घरात वावरणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. लाल प्रकाशात रक्त आणि नकाशावरील लाल रेषा मात्र नीट दिसत नाहीत.

पाणी, थंडी आणि सुरक्षितता

'आयपीएक्स ४' अशी खूण असेल, तर विजेरी सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसते. सरींसाठी एवढे पुरे. 'आयपीएक्स ७' अशी खूण म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची परीक्षा. पाटात किंवा ओढ्यात उतरणाऱ्याने दुसरी घ्यावी. चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण नीट बसते की नाही, हे दुकानातच पाहावे.

हिमालयातील थंडीत घटाची शक्ती तात्पुरती घटते. म्हणून तो आतल्या खिशात उबेत ठेवावा. शून्य अंशाखाली लिथियम-आयन घट चार्ज करू नये, त्याने तो कायमचा बिघडतो. विमानप्रवासात सुटे लिथियम घट जवळच्या सामानातच न्यावे लागतात. फुगलेला किंवा ठेचलेला घट पुन्हा वापरू नये. रात्रभर अंथरुणावर विजेरी चार्ज करीत ठेवू नये. घट विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीची खूण पाहावी. जुने घट कचऱ्यात न टाकता संकलनासाठी परत द्यावेत. २०२२ च्या घट-कचरा व्यवस्थापन नियमांनी ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. साधी विजेरी ज्वालाग्राही वायूच्या ठिकाणी वापरण्यास योग्य नसते. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला, तर तेथे तिचे बटणही दाबू नये. खाणीतील दिवे वेगळी परीक्षा उतरलेले असतात.

कोणी कोणती घ्यावी?

घरासाठी ५० ते १०० ल्युमेन पसरट प्रकाश पुरतो. विजेरी हलकी असावी आणि घरातील मोबाइलच्याच केबलने चार्ज व्हावी. ती महिनोन्महिने पडून राहणार असेल, तर घट निम्म्याहून थोडा अधिक भरलेला ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी पाहावा. चार्ज संपल्यास साधे पेन्सिल सेलही चालतील अशी विजेरी मिळाल्यास उत्तम.

शेतकऱ्याने १०० ते २०० ल्युमेन प्रकाश संपूर्ण पाळीभर स्थिर देणारी आणि घट बदलता येणारी विजेरी घ्यावी. घट बदलता आला, की दुसरा भरलेला घट खिशात ठेवून रात्र निभावते. शिवाय काही वर्षांनी घट क्षीण झाला, तरी विजेरी टाकून द्यावी लागत नाही. गिर्यारोहकाने याखेरीज वजन पाहावे. '१८६५०' घटाचेच वजन ५० ग्रॅमच्या आसपास असते. तेव्हा जड विजेरीला डोक्यावरून जाणारा पट्टा असावा. पिशवीत बटण आपोआप दाबले जाऊ नये म्हणून कुलपाची सोय असावी.

शेवटी, कोणत्याही आकड्यापेक्षा स्वतः घेतलेली परीक्षा अधिक विश्वसनीय असते. नवी विजेरी पूर्ण चार्ज करावी, नेहमी वापरावयाच्या पायरीवर अंधाऱ्या खोलीत लावावी आणि दोन मीटरवरील भिंतीवर वर्तमानपत्र टांगावे. दर अर्ध्या तासाने खोलीत जाऊन, तेवढ्याच ठरावीक अंतरावरून मजकूर वाचता येतो का, ते लिहून ठेवावे. ज्या वेळी अक्षरे लागेनाशी होतात, तोच त्या विजेरीचा खरा अवधी. त्यातून एक तास वजा करून जो उरेल, तेवढ्याच वेळासाठी तिच्या भरवशावर घराबाहेर पडावे.