थंडीत ठिबकच्या नळ्या सांभाळा



डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा १.८ अंशांवर उतरला आणि द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठलं. पारा शून्याच्या वर, मग बर्फ कसा? निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरच्या वस्तू हवेपेक्षाही गार होतात. बारीक नळीतलं पाणीसुद्धा मग गोठू शकतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. मऊ नळी एकवेळ ताण सोसते. फिल्टर, व्हॉल्व्ह आणि पीव्हीसीचे जोड मात्र तडकतात.

अशा थंडीचा अंदाज असेल तर संध्याकाळी नळ्यांची शेवटची टोकं मोकळी करा, फ्लश व्हॉल्व्ह सोडा, पाणी निथळू द्या. फिल्टर आणि फवारणीचा पंपही रिकामा करा. हे हमखास राहून जातं. पहाटेची वीज असेल तर मात्र त्या वेळी ठिबक चालूच ठेवा. विहिरीचं पाणी तेव्हा हवेपेक्षा उबदार असतं, बागेलाही बरं.

सकाळी नळ्या कडक लागल्या तर मोटर लावू नका. पुढं बर्फ अडलेला, मागून दाब, जोड निखळणारच. टेंभा, पाचटाचा जाळ, उकळतं पाणी तर नकोच नको. ऊन चढू द्या. घाईच असेल तर टोक उघडं ठेवून कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा आणि टोकाकडून मागं सरकत या. पाणी मोकळं वाहिलं की टोकं लावा, जोड तपासा.

आणि राखणीला जाल तेव्हा पेटती शेगडी घेऊन, दार लावून झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो.