काढा घेताय? डॉक्टरांना तोही सांगा

“आणखी कुठली औषधं चालू आहेत?” डॉक्टरांनी विचारलं की आपण रक्तदाबाची गोळी सांगतो, थायरॉइडची सांगतो. सकाळी अनशापोटी घेतलेला काढा सांगायचं राहून जातं, कारण तो औषधांत धरायचाच नसतो. हा आपल्याकडचा सगळ्यात घट्ट गैरसमज. गोळी असो वा पाला, यकृताला दोन्हींचा निपटारा करावा लागतो, आणि पुष्कळदा त्याच विकरांकडून.

“झाडपाल्याने अपाय होत नाही” म्हणणाऱ्यांनी गुळवेलीचं उदाहरण बघावं. करोनाच्या काळात घरोघरी तिची बोटभर कांडी ठेचून, रात्रभर भिजवून, पाणी पाव हिस्सा उरेपर्यंत आटवलं जात होतं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास जाणवेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता. सारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. पण पुडीतली भुकटी पाहून वेल कोणती, हे घरात कोण ओळखणार?

“मिरी-सुंठ तर रोजच्या जेवणात असते!” असते, आणि आमटीतल्या चिमटीने काही बिघडत नाही. नेमाने पेलाभर काढा घेणं वेगळं. मिऱ्यातलं पिपेरिन औषधं मोडणाऱ्या विकरांना आवर घालतं, त्यामुळे काही औषधं रक्तात जास्त चढतात. भारतात २००९ मध्ये आलेल्या क्षयाच्या एका औषधात १० मिलिग्रॅम पिपेरिन घालून रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली, ती पिपेरिनच्या याच ताकदीवर. फिटवरच्या फेनिटॉइनचं प्रमाणही पिपेरिनने वाढतं, आणि ते जरा जास्त झालं तरी माणसाचा तोल जातो.

परदेशात चहासारखं उकळून घेतलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट नेमकं उलट वागतं. ते विकरांना जोर देतं आणि काही गोळ्या निष्प्रभ करतं.

ग्रीन टीचे एक-दोन कप बहुतेकांना बाधत नाहीत. जपायचं ते वजन कमी करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या त्याच्या अर्काच्या कॅप्सूलपासून.

मला सर्वांत काळजी वाटते ती क्षयाच्या रुग्णांची. आयसोनियाझिड, पायराझिनामाइड ही औषधं मुळातच यकृताला जड. त्यात काढा चालू असताना डोळे पिवळे झाले, तर दोष कुणाचा हे डॉक्टरांनाही सांगणं अवघड होतं. लघवी गडद झाली, भूक मेली, अंगाला खाज सुटली, तर काढा त्याच दिवशी थांबवा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि काढ्याची पुडी सोबत न्या.