पीओपीची मजबुती कशात?

आम्ही कापडाचे व्यापारी. पण आमच्या दुकानाच्या छताची पीओपी पट्टी खाली आली, तेव्हा या धंद्याची चौकशी करावी लागली. अल्लाहचा फजल की खाली ग्राहक नव्हते. जे समजले ते कारागीर बंधूंसाठी देत आहोत.

जिप्समचा दगड सुमारे 150 अंशांवर भाजला की पीओपी बनते. ते घट्ट होण्यास 100 किलोला जेमतेम 19 लिटर पाणी लागते. कालवता यावे म्हणून आपण 60-70 लिटर ओततो. जादा पाणी उडून जाते, मागे बारीक छिद्रे राहतात. तीच कमजोरी. सुपरप्लास्टिसायझर नावाचे रसायन मिसळल्यास कमी पाण्यातही माल पातळ राहतो आणि सुकल्यावर पक्का होतो.

काथ्या किंवा काचेचा धागा भेगा पसरू देत नाही. तडकलेला तुकडाही धरून ठेवतो. सायट्रिक ॲसिड चिमूटभर घातले की माल सावकाश घट्ट होतो, हाताला वेळ मिळतो. मात्र जास्त झाले तर ताकद घटते. सुताच्या खळीचेही असेच असते: प्रमाणात गुण, जादा झाली की नुकसान.

घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नये. ओल राहणाऱ्या जागी पीओपी लावूच नये. ओलीने ताकद निम्म्यावर येऊ शकते.

काथ्याचे चार पैसे वाचवले आणि उद्या छत कुणाच्या डोक्यावर आले, तर त्या कमाईत बरकत कुठली?