पाहुण्या वादकाची कसोटी

पाश्चात्त्य वाद्यवृंदातील वादक समोरच्या स्वरलेखनाबरहुकूम वाजवितात. हंगामातील मैफलीसाठी निमंत्रित केलेला एकल वादक मात्र पाहुणा. थोडक्या तालमींतच त्याला या मोठ्या कुटुंबाशी एकजीव व्हावे लागते. आणि पाहुणा तबलावादक असेल तर?

मुंबईत २००६ साली स्थापन झालेल्या ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’समवेत २०१५ साली उस्ताद झाकीर हुसेन यांनी स्वतः रचलेला ‘पेशकार’ सादर केला. पेशकार म्हणजे एकल तबलावादनाचा आरंभीचा विस्तार. तबल्याचे बोल मुखोद्गत, व्हायोलिनचे स्वर कागदावर. दोहोंना एकाच लयीत गुंफावयाचे होते.

२०२४ साली उस्ताद निवर्तले. वाद्यवृंदाचे स्वर कागदावर उरले आहेत; तबल्याची उपज मात्र पुढच्या पाहुण्याने स्वतःचीच आणावयाची आहे.