प्रोब, पडदा आणि पेटी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत एसजी आयर्नचे, म्हणजे गोल ग्राफाइटच्या बिडाचे, कास्टिंग तपासायचे झाले, तर प्रत्येक नग फोडून बघणे परवडत नाही. पृष्ठभागावर थोडे तेल किंवा ग्रीस लावतात, त्यावर बोटाएवढा प्रोब टेकवतात आणि ध्वनिलहर आरपार जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. बिडात ग्राफाइट नीट गोल झाले असेल तर लहर सेकंदाला साधारण ५६०० मीटरने धावते. ते पापुद्र्यासारखे राहिले असेल तर वेग ५०००च्याही खाली येतो. आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, असला की लहर अर्ध्या वाटेतून माघारी फिरते, पडद्यावर नको तिथे एक सुळका उठतो आणि माल रिजेक्ट होतो.

त्याच वेळी सहा-सात किलोमीटरवर, भाऊसिंगजी रोडवरच्या सीपीआर रुग्णालयात, तेलाच्या जागी जेल लावून हेच चाललेले असते. फरक एवढाच, की लोखंडाला ‘श्वास धरा’ म्हणून सांगावे लागत नाही.

हे नाते नुसते दिसण्यापुरते नाही. आज दवाखान्यात असलेले सोनोग्राफी मशीन खरोखरच कारखान्यातून आले आहे. १९५५च्या जुलैमध्ये ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड जवळच्या रेनफ्रू इथल्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. गाडीत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी होत्या: काही गर्भाशयाच्या, काही बीजकोशाच्या. बॉयलरच्या जोडातली चीर शोधायचे यंत्र त्यांनी या गाठींवर लावून पाहिले. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. पुढे टॉम ब्राऊन हा तरुण इंजिनिअर त्यांना येऊन मिळाला, यंत्र सुधारत गेले आणि जून १९५८मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा लेख आला. त्या काळातली एक रुग्ण वैद्यकाच्या इतिहासात कायमची राहिली आहे. जठराचा कर्करोग हाताबाहेर गेला म्हणून डॉक्टरांनी तिची आशा सोडली होती. पोटावर प्रोब फिरवल्यावर आत पाण्याची मोठी गाठ दिसली. बीजकोशाची ती गाठ काढली आणि बाई बरी झाली.

म्हणजे हे मशीन जन्माला आले ते रोग शोधायला. गर्भ दिसणे हा त्याचा पुढचा अध्याय. कोल्हापुरात मात्र सोनोग्राफी म्हटले की आधी पाटी आठवते: ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’ पाटीखाली बसलेली निम्मी-अधिक माणसे मुतखडा, पित्ताशयातले खडे, फॅटी लिव्हर, प्रोस्टेट, थायरॉईडची गाठ असली दुखणी घेऊन आलेली असतात. त्यांच्याविषयी आपण फारसे बोलत नाही, म्हणून आधी त्यांच्याकडेच बघू.

बाहेरच्या बाकावर संवाद ठरलेला. “मावशी, लघवी तटली काय?” “तटलीया की, आता घ्या बाई लवकर.” भरलेले मूत्राशय लहरींना वाट करून देते आणि मागचे गर्भाशय किंवा प्रोस्टेट स्वच्छ दिसते. पित्ताशय बघायचे असेल तर उलट उपाशीपोटी यावे लागते, कारण खाल्ले की पित्ताशय आकसते आणि आतला खडा नीट दिसत नाही. सकाळी टपरीवर चहा-खारी घेऊन आलेल्याला परत पाठवले की तो चिडतो, आणि त्याचे चिडणेही बरोबर असते. गगनबावड्याहून एसटीने यायचे म्हणजे दिवस मोडतो.

आत अंधार ठेवलेला असतो, पडदा नीट दिसावा म्हणून. पोटावर थंडगार जेलचा गोळा पडतो आणि माणूस दचकतो. जेल असते हवा हटवायला. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी लहर आत शिरतच नाही. प्रोबमधले स्फटिक विजेचा झटका बसला की थरथरतात आणि थरथरले की वीज देतात. यांतला वीज देण्याचा गुण पिअर आणि जाक क्युरी या भावांनी १८८०मध्ये शोधला. पोटासाठी सेकंदाला २० ते ५० लाख कंपने वापरतात. माणसाच्या मऊ शरीरात लहर सेकंदाला साधारण १५४० मीटर जाते, हा आकडा प्रत्येक मशीनमध्ये आधीच भरलेला असतो. १० सेंटिमीटर खोल असलेल्या खड्यावर आपटून परत यायला तिला सेकंदाचा दहा हजारावा भाग, त्याहून जरासा जास्त लागतो. मशीन एवढाच हिशेब करते: किती वेळाने परत आली, किती जोरात परत आली. त्यावरून पडद्यावर ठिपका कुठे आणि किती उजळ मांडायचा ते ठरते.

पित्तातला खडा ओळखायची खूण मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. काळ्या पित्ताशयात एक पांढरा ठिपका दिसतो आणि त्याच्या मागे सरळ काळा पट्टा. खडा लहरींना पुढे जाऊच देत नाही, म्हणून मागे सावली पडते. मग डॉक्टर रुग्णाला कुशीवर वळायला सांगतात. ठिपका गडगडत खाली आला तर खडा, जागीच चिकटून राहिला तर बहुतेक पॉलिप. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. नुसते कुशीवर वळणे.

मर्यादाही तशाच स्पष्ट आहेत. हाडापलीकडचे दिसत नाही, म्हणून मेंदूसाठी सीटी किंवा एमआरआय लागतो. हवेपलीकडचे दिसत नाही, म्हणून फुगलेल्या आतड्यांमागचे स्वादुपिंड हमखास दडून बसते आणि रिपोर्टात ‘वायूमुळे नीट दिसले नाही’ असे येते. कंपने वाढवली तर चित्र बारीक येते पण लहर खोल जात नाही. थायरॉईडला चालते, लठ्ठ माणसाच्या लिव्हरला चालत नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. एक्स-रेची फिल्म पाकिटात घालून दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येते. सीटीची सीडी पुण्या-मुंबईला पाठवता येते. सोनोग्राफी घडते ती त्या पाच-दहा मिनिटांत, त्या खोलीत, त्या हाताखाली. प्रोब दोन अंश कलला की चित्र बदलते. मागे उरतात फ्रीज केलेली चार-सहा चित्रे आणि एक कागद. ती चित्रे कोणती ठेवायची हेही त्याच हाताने ठरवलेले असते. म्हणून या तपासणीत मशीन कुठल्या कंपनीचे यापेक्षा प्रोब कुणाच्या हातात आहे हे महत्त्वाचे, आणि म्हणूनच एका सेंटरला न दिसलेला मुतखडा दुसऱ्याला दिसतो. सोनोग्राफीत रोग सापडण्याची सगळी करामत या क्षणिकपणात आहे. गुन्हा लपण्याची सोयही त्यातच होती.

गर्भलिंग निदान आधी सुईने होई. आईच्या पोटात सुई घालून गर्भजल काढायचे, ते तपासायचे. सुई म्हटली की धोका आला, प्रयोगशाळा आली, कागद आला. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४चा, अमलात आला १ जानेवारी १९९६ला. तोवर सोनोग्राफी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली होती आणि सुईची गरजच उरली नव्हती. शरीराला टोचावे लागत नाही, हा या तंत्राचा मोठा गुण. नेमक्या त्याच गुणामुळे मागे काही पुरावा राहत नव्हता. पुण्याची मासूम, मुंबईची सेहत या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज हे सर्वोच्च न्यायालयात गेले, २००३मध्ये कायदा कडक झाला, प्रत्येक मशीनची नोंदणी आणि प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीची नोंद ठेवणारा ‘एफ फॉर्म’ आला. कायद्यात शब्द असे आहेत की गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगता येणार नाही. ‘खुणेने’ हे लिहावे लागले, कारण पेढा की बर्फी असले संकेत कुणाला नव्याने सांगायची गरज नव्हती.

२००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली निघाल्या. राज्याचा आकडा ९१३ होता. पन्हाळा तालुका तर आठशेच्याही खाली. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि विधवाविवाहाचा कायदा आणला, त्या मुलखाचा हा आकडा. ऊस, दूध आणि कारखाने यांचा पैसा आला तो सोनोग्राफीच्या फीपर्यंतही पोहोचला, असे म्हटले तर कटू वाटेल, पण गरीब जिल्ह्यांचे आकडे त्या वेळी कोल्हापूरपेक्षा चांगले होते.

जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी २०१०मध्ये यावर काढलेला उपाय देशात गाजला. त्याला नाव मिळाले ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’. सोनोग्राफी मशीनला एक छोटी पेटी जोडायची. पडद्यावर जे जे उमटेल ते ती गुपचूप नोंदवत राहणार. जोडीला एफ फॉर्म ऑनलाइन, चोवीस तासांच्या आत. जे चित्र प्रोब उचलताच विरून जायचे, ते आता साठू लागले. मुळातच विसराळू असलेल्या मशीनला सरकारने स्मरणशक्ती बसवली. देशमुख स्वतः कथाकार. ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ हा त्यांचा कथासंग्रह याच विषयावर आहे. पुढे २०१८च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

डॉक्टर चिडले. सगळ्यांना चोर का ठरवता, आणि रुग्णाच्या खासगीपणाचे काय, असे दोन प्रश्न घेऊन रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. २६ ऑगस्ट २०११ला निकाल लागला तो जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूने. न्यायालयाने तांत्रिक बाजू नीट समजून घेतली होती. चित्रे कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत, पेटीतच राहतात आणि अधिकाऱ्याने मागितली तरच उघडली जातात, मग गोपनीयतेचा भंग कसा, असा त्या निकालाचा रोख होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाकडे नव्हते आणि ते कुणाकडेच नाही. प्रामाणिक डॉक्टरला पेटीचा अपमान वाटणे मला समजते. पण सगळा व्यवहार एका हाताच्या विश्वासावर चालतो तिथे तो विश्वास तपासायची काही सोय असावी, यात गैर काय, तेही मला कळत नाही.

पेटीचा उपयोग झाला का? २०११च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८३९वरून ८६३वर गेला. त्याच दशकात राज्य ८९४वर घसरले आणि बीड ८९४वरून ८०७वर कोसळले. या पार्श्वभूमीवर कोल्हापूरची चढण उठून दिसते आणि तिचे श्रेय बऱ्याचदा पेटीला दिले जाते. तारखा मात्र वेगळे सांगतात. मार्च २०११मध्ये मोजलेली सहा वर्षांपर्यंतची मुले जन्मली ती २००४ ते २०११ या काळात, म्हणजे त्यांतली बहुतेक पेटी यायच्या आधीच. चढण आधीच सुरू झाली होती. २००३नंतरची कायद्याची धास्ती, बायकांच्या संघटनांचा रेटा, गावोगावच्या सभा यांचाही तो आकडा आहे. पेटीची खरी परीक्षा पुढच्या जनगणनेत व्हायची होती आणि २०२१ची जनगणना झालीच नाही.

पेटीची उणीवही उघड आहे. ती पडदा बघते, खोली बघत नाही. गर्भाच्या मांडीवरून प्रोब जाणे हा गुन्हा नव्हे, बाळाच्या पायाचे हाड मोजायचे तर तो जाणारच. गुन्हा त्यानंतरच्या एका शब्दात असतो, तो पेटीत येत नाही. आणि पेटी नोंदलेल्या मशीनलाच असते. मार्च २०१७मध्ये कोल्हापूरच्या शिवेपलीकडे, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा धंदा किती आडवाटांनी चालतो ते पुन्हा दिसले.

या सगळ्याची किंमत मोजणारा आणखी एक माणूस आहे, त्याच्या वतीने कुणी मोर्चा काढत नाही. तो म्हणजे पाटीखालचा मुतखडेवाला. मशीन नोंदलेल्या जागेतून हलवायचे नाही, हे २०१२च्या नियमांनी आणखी घट्ट केले. हलते मशीन चालेल ते फक्त त्या रुग्णालयात दाखल असलेल्यांसाठी किंवा नोंदलेल्या फिरत्या दवाखान्यात. एक डॉक्टर जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त ठिकाणी तपासणी करू शकत नाही. एफ फॉर्ममधली चूक ही नुसती कारकुनी चूक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९मध्ये सांगितल्यावर बऱ्याच लहान दवाखान्यांना मशीन ठेवणेच नको वाटते. दुसऱ्या देशांत अपघातस्थळी पोटात रक्त साचले आहे का हे रुग्णवाहिकेतच पाहिले जाते. आपल्याकडे आंबा घाटात गाडी दरीत गेली तर जखमीचे पोट कोल्हापूर येईपर्यंत बंदच. चंदगडचा माणूस कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे म्हणून सरळ बेळगाव गाठतो.

कायदा सैल करा, असे म्हणायची हिंमत ८६३ हा आकडा होऊ देत नाही. पण गर्भाची तपासणी आणि इतर तपासणी यांना एकाच दोरीने बांधल्याने काय अडते, याचा हिशेब कधीतरी मांडावा लागेल. कारण आता मोबाइलला जोडायचे, खिशात मावणारे प्रोब बाजारात आले आहेत. त्यांना वेगळा पडदा नाही आणि पेटी जोडायला जागाही नाही. त्यांचे काय करायचे, हे पेटीच्या काळात लिहिलेल्या नियमांनी सुटणारे नाही. सध्या तरी तसला प्रोब विनानोंदणी बाळगणे हा गुन्हा आहे, मग तो पित्ताशय बघायला घेतलेला असला तरी.