कानाला न गवसणारी फ्रेंच

पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत गुणांच्या आशेने फ्रेंच घेऊन पुढे निव्वळ हौसेने तो अभ्यास चालवणारा विद्यार्थी बी-1 या मधल्या पायरीवर पोहोचला, की त्याची अवस्था काहीशी विलक्षण होते. क्रियापदांची रूपे तो बिनचूक चालवतो, वृत्तपत्रातील मजकूर कोश फारसा न उघडता वाचतो, आणि पॅरिसच्या नभोवाणीवरील साधे वार्तापत्र मात्र त्याला अखंड गुंजारवासारखे ऐकू येते.

हा दोष शब्दसंग्रहाचा मानून याद्या पाठ करवण्याचा शिरस्ता आहे; माझ्या मते तो निरर्थक आहे. कागदावर सुटे दिसणारे फ्रेंच शब्द मुखात सुटे राहत नाहीत. 'ले' या उपपदापुढे 'आमी', म्हणजे मित्र, आले की उपपदाच्या अंती एरवी मूक असलेला 'स' 'झ' होऊन जागा होतो आणि कानी पडते ते 'लेझामी'. आघातही शब्दसमूहाच्या अखेरच्या अवयवावर पडत असल्याने शब्द कोठे संपला याची खूण उरत नाही. संस्कृतात संधी झाला की तो लेखनात उमटतो. फ्रेंच लेखन त्याचा थांगपत्ता लागू देत नाही. त्यातच नकारातील 'न' बोलताना सर्रास गळतो, आणि व्याकरणाने इमानेइतबारे शिकवलेले 'ज्य न से पा', म्हणजे 'मला ठाऊक नाही', रस्त्यावर 'शेपा' एवढेच उरते.

तेव्हा ध्वनिमुद्रण वाजवून प्रश्नोत्तरे उरकणे ही परीक्षा झाली, अध्यापन नव्हे. फ्रान्सची आंतरराष्ट्रीय नभोवाणी, आर. एफ. आय., सुलभ फ्रेंचमधील दहा मिनिटांचे वार्तापत्र लिखित संहितेसह देते. त्यातील मिनिटभराचा तुकडा आधी कागदाविना ऐकवावा, मग संहिता हाती देऊन जेथे ध्वनी जुळले वा गळले तेथे खुणा करवाव्यात, नंतर निवेदकाच्या बरोबरीने, त्याच्याच वेगाने वाचवून घ्यावे, आणि अखेरीस कागद मिटवून तीच बातमी ज्याच्या त्याच्या शब्दांत सांगवावी.

डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन व संभाषण यांस प्रत्येकी 25 गुण असतात. 50 गुणांना उत्तीर्ण, परंतु एखाद्या विभागात 5 हूनही कमी पडले की सारे मुसळ केरात. तोंडी परीक्षेतील दहा मिनिटांच्या तयारीचे निवेदन मुले ठरीव साच्यात बसवून निभावून नेतात. फसतात ती तयारीची मुभा नसलेल्या संवादात, कारण परीक्षकाचे वाक्यच उमगले नाही तर उत्तर तरी कशाचे द्यावयाचे? त्यासाठी वर्गात जोड्या कराव्यात : एकाच्या हाती गाड्यांचे वेळापत्रक, दुसऱ्याच्या हाती अडलेल्या प्रवाशाचे गाऱ्हाणे, आणि कागद परस्परांना दाखवण्यास सक्त मनाई. मग ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. नामांच्या लिंगाची चूक मध्येच काढण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. ती टिपून ठेवावी आणि संभाषण आटोपल्यावर फळ्यावर मांडावी.