पकडलेल्या पाऱ्याचे करायचे काय?

घरातला थर्मामीटर फुटला आणि पारा सोन्याच्या बांगडीला लागला, तर बांगडी पांढरी पडते. सोन्याचांदीला पारा चटकन धरतो आणि तापवले की वाफ होऊन सुटतो. ही वाफ विषारी असते. म्हणून असा दागिना घरी कधीही तापवू नये. पण पाऱ्याचा हाच स्वभाव कारखान्यांतले वायू शुद्ध करताना उपयोगी पडतो.

दगडी कोळशात पारा अगदी थोडा, टनामागे साधारण ०.१ ग्रॅम असतो. मात्र मोठे औष्णिक वीजकेंद्र दिवसाला हजारो टन कोळसा जाळते. भट्टीत पाऱ्याची वाफ होते. राख अडवणाऱ्या यंत्रांतून ती निसटते आणि पाण्याच्या फवाऱ्यातही विरघळत नाही. पुढे हा पारा पाण्यात उतरतो, जीवाणू त्याचे अधिक विषारी मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि माशांवाटे तो आपल्या ताटात येतो. सर्वांत मोठा धोका गर्भातल्या बाळाच्या मेंदूला. भारतात डिसेंबर २०१५ मध्ये मोठ्या वीजकेंद्रांच्या धुरातील पाऱ्यावर घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली गेली.

यावरचा रूढ उपाय म्हणजे धुरात सक्रिय कोळशाची भुकटी फवारणे. ती पारा धरते, पण राखेत मिसळून वाया जाते. शिवाय अशी राख काँक्रीटसाठी कमी प्रतीची ठरते.

दुसरी वाट नैसर्गिक वायूच्या उद्योगात सापडली. १९७३ मध्ये अल्जीरियातील स्किकदा येथे, वायू थंड करून द्रवरूप करणाऱ्या कारखान्यात पाऱ्याने अॅल्युमिनियमची यंत्रे निकामी केली. आता असा पारा आधीच काढून घेतात. एका पद्धतीत झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाच्या खड्यांवर चांदी चढवलेली असते. वायूतला पारा चांदीला चिकटतो. मग खड्यांतून गरम वायू सोडला की पारा सुटतो. तो वायू थंड केला की पाऱ्याचे थेंब जमतात आणि खडे पुन्हा कामाला लागतात.

कोळशाच्या धुरात राख आणि गंधकाचे वायू असल्याने काम अवघड होते. म्हणून राखेतून चुंबकाने वेचून परत वापरता येतील अशा शोषक कणांवर संशोधन चालू आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पारा हे मूलद्रव्य आहे. तो जळून किंवा कुजून नाहीसा होत नाही. पकडलेल्या पाऱ्याचा गंधकाशी संयोग करून, म्हणजे हिंगुळासारखा स्थिर पदार्थ बनवून, तो बंदिस्त ठेवावा लागतो. तोवर आपण पारा फक्त एका जागेवरून दुसरीकडे हलवलेला असतो.